वेरूळचा गिलावा आणि रसायन अभियांत्रिकीचा पहिला पाठ

रसायन अभियांत्रिकीचा प्रारंभिक अभ्यासक्रम सहसा द्रव्यसंतुलनापासून सुरू होतो. म्हणजे एखाद्या प्रक्रियेत जितके वस्तुमान शिरते तितकेच रूप पालटून बाहेर पडते किंवा आत साठून राहते, हा हिशेब विद्यार्थ्याला आधी मांडावा लागतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली, तर ५६ किलो चुनकळी हाती लागते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ती चुनकळी विरवताना १८ किलो पाणी तिच्याशी संयोग पावते व ७४ किलो विरलेला चुना तयार होतो, आणि भिंतीवर चढल्यावर हाच चुना हवेतला तो वायू पुन्हा शोषून हळूहळू घट्ट होतो.

वेरूळच्या लेण्यांतील कारागिरांपाशी हा हिशेब आकड्यांत नव्हता, तो हातात होता. तेथील ३४ लेणी आज शिल्पांसाठी ओळखली जातात. परंतु त्यांपैकी अनेकांच्या भिंती व छते एके काळी गिलाव्याने मढवून रंगवलेली होती आणि खुद्द कैलास लेण्याला ‘रंगमहाल’ हे नाव पडले तेही या रंगकामामुळेच. या गिलाव्यात नेमके काय मिसळले होते, याचे उत्तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेत काम केलेले राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मि. म. सरदेसाई यांनी बाराव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातील, म्हणजे ‘तीन ताल’मधील, गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली व अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने तपासले, तेव्हा त्यांत भांगेच्या झाडाचे अवशेष आढळले. तंतू मातीला धरून ठेवतात, सुकताना पडणाऱ्या भेगा रोखतात आणि ओलावा शोषून पुन्हा सोडतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडली नाही व तेथील चित्रांना कीटकांनी पोखरले, म्हणून वेरूळच्या गिलाव्याच्या टिकाऊपणाचे श्रेय भांगेला दिले जाते. हा तर्क सयुक्तिक असला, तरी वेरूळला मुळात चित्रे फारच थोडी उरली आहेत, हे विसरून चालणार नाही.

भिजवणे, मळणे, गाळणे, सुकवणे ही कामे गवंड्याच्या, रंगाऱ्याच्या, कागद करणाऱ्याच्या अशा प्रत्येक धंद्यात होती, मात्र प्रत्येक धंद्याची कृती त्या धंद्यातच कोंडलेली राही आणि धंदा बुडाला की तीही बुडे. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये मँचेस्टरला दिलेल्या व्याख्यानमालेचे महत्त्व येथे आहे: त्यांनी विषयाची मांडणी धंद्यांनुसार न करता सर्व धंद्यांना समान असलेल्या क्रियांनुसार केली. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत लुईस नॉर्टन यांनी या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी अशा क्रियांना ‘एकक क्रिया’ ही संज्ञा दिली. मळणे हे गिलाव्याचे असो वा पिठाचे, त्यामागील नियम एकच, ही आज साधी वाटणारी गोष्ट मान्य व्हायला इतका काळ लागला.

महाराष्ट्रात हे शिक्षण १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाच्या स्थापनेने रुजले. आरंभीच्या अभ्यासक्रमांत रसायन अभियांत्रिकीच्या जोडीला वस्त्ररसायन होते. गिरण्यांच्या शहरात ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. नागपूरला १९४२ मध्ये दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था उभी राहिली. मराठवाड्याला मात्र मुंबईच्या या संस्थेची शाखा मिळण्यासाठी २०१८ उजाडावे लागले. ती शाखा जालन्यात आहे, आणि तीन तालच्या गिलाव्याशी ताडून पाहण्यासाठी भांगेची जी ताजी झाडे गोळा केली गेली, त्यांतील काही जालन्याचीच होती.