फेझंट वुडचे आठ खड्डे

उत्तर फ्रान्समध्ये लील शहराच्या पश्चिमेला फ्रोमेल नावाचे छोटे गाव आहे. पहिल्या महायुद्धात, १९ जुलै १९१६ रोजी संध्याकाळी सहा वाजता ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या आणि ब्रिटनच्या एकसष्टाव्या डिव्हिजनने इथल्या जर्मन खंदकांवर हल्ला चढवला. जर्मनांनी इथली फौज सोम नदीच्या आघाडीकडे हलवू नये, एवढाच त्यामागचा हेतू. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळे आटोपले. मेलेले, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता मिळून ऑस्ट्रेलियाची ५,५३३ माणसे गेली. बेपत्तांपैकी काही जण जर्मनांची पहिली फळी ओलांडून पार आत घुसले होते आणि तिथेच कोंडले गेले. त्यांची प्रेते कुठे गेली, हे नव्वद वर्षे कोणाला सांगता येत नव्हते.

मेलबर्नचे कलाशिक्षक लांबिस एंग्लेझोस यांनी या प्रश्नाला साध्या वजाबाकीने हात घातला. फ्रोमेलच्या व्ही.सी. कॉर्नर दफनभूमीत ४१० अनोळखी ऑस्ट्रेलियन सैनिक आहेत. त्यात आसपासच्या दफनभूमींतली अनोळखी ऑस्ट्रेलियन थडगी मिळवली आणि ती बेरीज बेपत्तांच्या संख्येतून वजा केली, तरी दीडशेहून जास्त माणसे शिल्लक राहत होती. दीडशे माणसे हवेत विरून जात नाहीत.

मग युद्धानंतर शोध घेणाऱ्यांच्या हाती ती का लागली नाहीत? त्यांनी हयगय केली, असे म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्या कामाची रीत पाहिली तर तसे म्हणवत नाही. ब्रिटिश खंदक-नकाशांवर अक्षरांनी ओळखले जाणारे मोठे चौरस असत, त्यांच्या पोटात हजार यार्डांचे क्रमांकित चौरस, त्यांचे प्रत्येकी चार भाग आणि त्या भागांचे पुन्हा दशांश. त्यामुळे कोणतीही जागा पन्नास यार्डांच्या आत सांगता येई. १९१९पासून बत्तीस-बत्तीस माणसांच्या तुकड्या पाचशे यार्डांचा एकेक चौरस घेऊन तो पायाखाली घालत. त्यांच्याजवळ रबरी हातमोजे, फावडी, खुणेच्या खुंट्या, किंतान, दोरी आणि जंतुनाशक असे. काय पाहायचे तेही ठरलेले होते: जमिनीतून डोकावणारी बंदूक, आजूबाजूपेक्षा गडद, निळसर हिरवे आणि रुंद पात्यांचे गवत, काळपट पाणी आणि उंदरांच्या बिळांच्या तोंडी पडलेली बारीक हाडे. घाईने पुरलेला एकटादुकटा सैनिक या खुणांवरून सापडे. पण शत्रूने आपल्या पिछाडीला शिस्तीत खणलेला, भरलेला आणि वरून सपाट केलेला खड्डा वर काहीच दाखवत नाही.

त्याच्या खुणा कागदावर होत्या, पण चार ठिकाणी विखुरलेल्या. म्युनिकच्या बव्हेरियन युद्धदफ्तरात २१ जुलै १९१६चा हुकूम होता. एकविसाव्या बव्हेरियन राखीव रेजिमेंटचे प्रमुख युलिउस फॉन ब्राउन यांनी शत्रूच्या सुमारे चारशे मृतांसाठी फेझंट वुड या झाडीच्या दक्षिणेला सामूहिक खड्डे खणायला सांगितले होते. ऑस्ट्रेलियात रेड क्रॉसच्या चौकशीच्या फायली होत्या. त्यांतल्या एका लेफ्टनंटच्या फायलीत जर्मनांकडून आलेले उत्तर आहे, की तो फ्रोमेलजवळच्या या झाडीसमोरच्या पाच मोठ्या ब्रिटिश सामूहिक कबरींपैकी एकीत असावा. तिसरी गोष्ट म्हणजे मृतांच्या गळ्यातले ओळखबिल्ले काढून जर्मनांनी रेड क्रॉसमार्फत कळवलेली नावे. आणि चौथी, ब्रिटिश विमानांतून घेतलेले फोटो. लढाईआधीच्या फोटोत झाडीच्या कडेला नुसते शेत दिसते. नंतरच्या फोटोत त्याच जागी आठ लांबट खड्डे आहेत, शेजारून खंदकांकडे जाणारा अरुंद रूळ आहे. प्रेते त्याच रुळावरून आणली असावीत.

हुकूम दिल्याने तो अमलात आला हे सिद्ध होत नाही, आणि फायलीतले उत्तर तर ‘असावा’ अशा भाषेतलेच आहे. फोटोत खड्डे दिसतात, पण आत काय आहे ते दिसत नाही. एकेकटा घेतला तर यातला कोणताही पुरावा टिकत नाही. ते सगळे नकाशाच्या एकाच चौरसात येऊन पडतात, तेव्हा मात्र ‘इथे शोधा’ असे ठामपणे म्हणता येते.

तरीही २००५मध्ये ऑस्ट्रेलियन लष्कराच्या तज्ज्ञ मंडळाने आणखी पुरावा मागितला. युद्धानंतर ही प्रेते उकरून दुसरीकडे नेली असतील तर? या आक्षेपात तथ्य होते. नेल्याची नोंद नाही म्हणजे नेली नाहीत, असे इतिहासात धरून चालत नाही. २००७मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाने टोनी पोलार्ड यांच्या देखरेखीखाली भूभौतिक उपकरणे आणि धातुशोधक घेऊन ते शेत तपासले. त्यात व्हिक्टोरियातल्या आल्बर्टन शायरने आपल्या भागातून भरती झालेल्यांना दिलेले एक पदक सापडले. ऑस्ट्रेलियन माणसे, जिवंत वा मृत, जर्मनांच्या मागच्या बाजूला याच जागी आली होती, एवढे नक्की झाले. २००८च्या चाचणी उत्खननात सांगाडे दिसले. पुढच्या वर्षी ऑक्सफर्ड आर्किऑलॉजीने २५० सांगाडे बाहेर काढले. त्यांतले बहुतेक पाच खड्ड्यांत होते, म्हणजे फायलीतल्या उत्तरात सांगितले होते तेवढ्याच. एका सैनिकाजवळ फ्रीमँटल ते पर्थ रेल्वेचे परतीचे तिकीट निघाले.

इथे नकाशाचे काम संपते. तो खड्ड्यापर्यंत नेतो, नाव सांगत नाही. पण त्याने एक मोठी गोष्ट केली: हजारो बेपत्तांऐवजी या खड्ड्यांत कोण असू शकेल याची मर्यादित यादी हाती दिली. कोणत्या बटालियनची माणसे इथवर पोचली आणि जर्मनांनी कोणाची नावे कळवली, हे ठाऊक असल्यामुळे कोणत्या घराण्यांकडे डीएनएचा नमुना मागायचा ते ठरवता आले. मार्च २०१०मध्ये पहिली ७५ नावे जाहीर झाली. आजवर दीडशेहून अधिक सैनिकांची ओळख पटली आहे. त्यांच्यासाठी केलेली नवी दफनभूमी १९ जुलै २०१० रोजी खुली झाली.

असे बेपत्ता भारतीयही आहेत. फ्रोमेलपासून थोड्याच किलोमीटरवर न्यव्ह शापेल आहे. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंता दलाच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी तिथे लढल्या. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा ४,७००हून अधिक भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. ज्यांच्या घरी पणजोबांचे पेन्शनचे कागद, पदक किंवा मृत्यूची तार असेल, त्यांनी ते सगळे जपून ठेवावे आणि सैनिकाचा क्रमांक, कंपनी आणि तारीख निदान एका वहीत उतरवून घ्यावी. एखाद्या माणसाला नकाशावर शोधायचे तर सुरुवात याच तीन गोष्टींपासून होते.