डोंगरवाटांचे स्वार

स्नेहाचा उगम निर्मळच असतो असे नाही. कॅनडाच्या रॉकी पर्वतातील ‘ट्रेल रायडर्स’ हा घोडेस्वारांचा संघ १९२४ साली निघाला, तो कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे प्रसिद्धी-अधिकारी जॉन मरे गिबन (हे गृहस्थ जन्माने सिंहलद्वीपाचे!) यांच्या पुढाकाराने. प्रवासी वाढावेत, हा हेतू उघडच होता. परंतु तेथे मानाचे बिल्ले मिळत ते धनावरून नव्हे, तर खोगिरावर काटलेल्या मैलांवरून. पहिला ५० मैलांचा. रात्री शेकोटीभोवती यजमान व वाटाडे एकत्र बसत. त्याच वर्षी स्वारांनी योहो खोऱ्यात टॉम विल्सन या वृद्ध वाटाड्याच्या गौरवार्थ, त्याच्या हयातीतच, कांस्यपट बसविला. ही कृतज्ञता दुर्मिळ खरी. तथापि वकिली नजरेला येथे एक हक्कदार डावललेला दिसतो. १८८२ साली विल्सनला लुईझ सरोवरापर्यंत नेले ते स्टोनी जमातीतील एडविन हंटर याने. पट लागला तो विल्सनच्या नावाचा.