फाइल हँडल तक्ता

फाइल हँडल तक्ता म्हणजे आभासी यंत्राने उघडलेल्या फाइलींची नोंद ठेवणारी सारणी होय. आभासी यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामला मूळ संचालन प्रणालीतील फाइल थेट हाताळता येत नाही. त्याला केवळ एक लहान पूर्णांक मिळतो. हा पूर्णांक सारणीतील कप्प्याचा क्रमांक असतो. फाइल बंद केल्यावर कप्पा मोकळा होतो आणि पुढे दुसऱ्या फाइलीस दिला जातो.

कप्प्याची निवड

युनिक्समध्ये अशीच सारणी कर्नल प्रत्येक प्रक्रियेसाठी ठेवतो. नवी फाइल उघडताना सर्वांत लहान मोकळा क्रमांक द्यावा, असे पॉझिक्स मानक सांगते. 0, 1 आणि 2 हे क्रमांक रूढीने अनुक्रमे प्रमाण इनपुट, प्रमाण आउटपुट व त्रुटिसंदेशांसाठी असतात. 0 उघडा असताना 1 बंद करून लगेच फाइल उघडली, तर तिला 1 हाच क्रमांक मिळतो आणि प्रोग्रामचे आउटपुट त्या फाइलीत जाऊ लागते. शेलमधील पुनर्निर्देशन या नियमावर उभे राहू शकते.

लहानात लहान क्रमांकाची हमी नको असेल तर मुक्त यादी सोयीची ठरते. प्रत्येक मोकळ्या कप्प्यात पुढच्या मोकळ्या कप्प्याचा क्रमांक लिहिलेला असतो. त्यामुळे सारणी कितीही मोठी असली तरी शोध घ्यावा लागत नाही. मात्र शेवटी मोकळा झालेला कप्पाच सर्वप्रथम पुन्हा वापरला जातो.

शिळ्या क्रमांकाचा धोका

समजा, 5 या क्रमांकावरील नोंदींची फाइल बंद झाली आणि दुसऱ्या थ्रेडने उघडलेल्या डेटाबेसला तोच क्रमांक मिळाला. पहिल्या थ्रेडने जपून ठेवलेल्या 5 वर लिहिले, तर मजकूर डेटाबेसमध्ये जातो आणि कोणतीही त्रुटी कळवली जात नाही. कप्पा रिकामा राहिला असता तर निदान अवैध क्रमांकाची त्रुटी आली असती. एकच हँडल दोनदा बंद करणेही म्हणूनच निरुपद्रवी नसते. लिनक्सवर फाइल बंद करण्याच्या कॉलमध्ये सिग्नलमुळे व्यत्यय आला तरी क्रमांक मोकळा झालेला असतो. तो कॉल पुन्हा केल्यास दुसऱ्याच थ्रेडची फाइल बंद होऊ शकते.

यावरचा एक परिचित उपाय म्हणजे हँडलमध्ये कप्प्याच्या क्रमांकासोबत पिढी क्रमांक साठवणे. कप्पा मोकळा होताना पिढी एकने वाढते आणि जुळत नसलेले हँडल नाकारले जाते. 32 बिटांपैकी 20 कप्प्यासाठी ठेवल्यास पिढीसाठी 12 उरतात. म्हणजे 4,096 वापरांनंतर जुनी पिढी पुन्हा येते. संरक्षण भक्कम असले तरी अमर्याद नसते.

वेबअसेंब्लीतील पद्धत

वेबअसेंब्लीसाठी 2019 मध्ये जाहीर झालेल्या वासी या प्रणाली-इंटरफेसच्या पहिल्या आवृत्तीने युनिक्सची परंपरा जाणीवपूर्वक मोडली. नवा क्रमांक सर्वांत लहान असेलच याची हमी तेथे नाही. बहुथ्रेडी प्रोग्राममध्ये असे गृहीतक चुकांना निमंत्रण देते, हे कारण तपशिलात नमूद आहे. क्रमांक 2,14,74,83,648 पेक्षा लहान असतो, एवढीच ग्वाही मिळते. मनाला येईल त्या क्रमांकावर हँडलची प्रत करण्याची सोयही तेथे दिलेली नाही. एका उघड्या हँडलची जागा दुसऱ्या उघड्या हँडलला देता येते, आणि ही अदलाबदल अविभाज्य असते.

2024 मधील दुसऱ्या आवृत्तीत फाइली कंपोनंट मॉडेलमधील संसाधने झाल्या. त्यांचे हँडलही सारणीतील क्रमांकच आहेत आणि मोकळे क्रमांक पुन्हा वापरले जातात. परंतु मालकीचे आणि उसने हँडल यांत भेद केला जातो. उसनवारी चालू असताना मालकाने हँडल सोडण्याचा प्रयत्न केल्यास प्रोग्राम तेथेच थांबवला जातो.