सुरक्षा कायदा : युरोपीय निर्देश आणि ब्रिटन

कामगारांची सुरक्षितता व आरोग्य यांविषयी युरोपीय समुदायाने १२ जून १९८९ रोजी ८९/३९१ हा चौकट निर्देश संमत केला. कामाशी संबंधित प्रत्येक बाबतीत कामगारांची सुरक्षितता राखणे हे मालकाचे कर्तव्य होय, असे त्याचे पाचवे कलम सांगते. निर्देशाचे उद्दिष्ट सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असते. ते साधण्याचा मार्ग मात्र प्रत्येक राष्ट्राने आपल्या कायद्यातून ठरवायचा असतो. त्यासाठी १९९२ अखेरची मुदत होती.

ब्रिटनमध्ये १९७४ चा कायदा होताच. धोक्याच्या मूल्यमापनासारखी नवी कर्तव्ये १ जानेवारी १९९३ पासून नियमांद्वारे लागू झाली. मूळ कायद्यातील 'वाजवीरीत्या शक्य असेल तेथवर' ही मर्यादा मात्र कायम राहिली. धोक्याच्या मानाने उपायाचा खर्च, वेळ व श्रम अतोनात असतील, तर मालक दोषी ठरत नाही. पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते.

कामगाराच्या जिवाशी खर्चाचे गणित मांडणारी ही मर्यादा निर्देशाशी विसंगत असल्याचा दावा युरोपीय आयोगाने केला. लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने तो १४ जून २००७ रोजी फेटाळला. दोष नसतानाही मालकावर दायित्व लादणे निर्देशाला अभिप्रेत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये भारताच्या कारखाना अधिनियमात समाविष्ट झालेल्या '७-अ' कलमातही हीच शब्दरचना होती.