दुसऱ्या इजेचा मागोवा

मणका मोडला तरी बहुतेक वेळा मेरुरज्जू पुरता तुटत नाही, चेपला जातो. पुढच्या काही तासांत तिथं सूज वाढते, रक्त झिरपतं, रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि धडक सोसून वाचलेले मज्जातंतूही मरू लागतात. या दुसऱ्या इजेचा माग फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांच्यापर्यंत जातो.

1911 साली ॲलन यांनी कुत्र्यांच्या उघड्या मेरुरज्जूवर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडलं. त्यामुळे मोजून-मापून केलेल्या, एकमेकींशी ताडून पाहता येतील अशा इजा पहिल्यांदा हाती आल्या. मग त्यांनी रज्जूला मधोमध उभी चीर देऊन साचलेलं रक्त आणि द्रव बाहेर काढला. अशी चीर दिलेली कुत्री इतरांपेक्षा बरी सावरली. सगळं नुकसान धडकेनंच झालं असतं, तर हे घडायला नको होतं. त्या द्रवातच काहीतरी घातक रसायन असावं, असं त्यांनी 1914 मध्ये मांडलं. पहिल्या महायुद्धात ते मारले गेले. त्यांचा तर्क पुढं कितीतरी वर्षं पडून राहिला, ही मला या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट वाटते.

1919 मध्ये माद्रिदला पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी दाखवल्या. इजा होताच त्या आकार बदलतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात. म्हणजे मज्जासंस्थेला स्वतःची राखणदार फौज होती.

1948 मध्ये कॉर्टिझोन या स्टेरॉइडनं संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागले आणि दाह शमवणाऱ्या औषधांवरचा विश्वास वाढला. मेरुरज्जूच्या इजेवर स्टेरॉइड देणं त्यातूनच रुजलं. अमेरिकेतल्या 1990 च्या मोठ्या चाचणीत वजनाच्या किलोमागे 30 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि नंतर 23 तास, दर तासाला किलोमागे 5.4 मिलिग्रॅम असा डोस होता. 60 किलोच्या माणसाला हे एका दिवसात नऊ ग्रॅमच्या वर जातं! सगळे रुग्ण मिळून पाहिलं तर फरक ठळक नव्हता. आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांत मात्र तो दिसला. शोधनिबंध छापून येण्याआधीच ही बातमी डॉक्टरांपर्यंत पोचवली गेली आणि 'आठ तास' हा जवळजवळ नियमच झाला. आधी हाती काहीच नसलेल्या डॉक्टरांनी तो उचलला, यात नवल नाही. पण आकड्यांना पेलवणार नाही एवढी आशा त्यांच्यावर लादली गेली, असं माझं मत आहे.

2004 मध्ये डोक्याला मार लागलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड मिळालेल्यांत मृत्यू जास्त निघाले. 2013 मध्ये अमेरिकी न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शिकेनं मेरुरज्जूच्या इजेतही हे औषध नको म्हटलं, तर 2017 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं आठ तासांच्या आत ते देण्याचा पर्याय खुला ठेवला.

दरम्यान 1998 मध्ये इस्रायलच्या मिशल श्वार्ट्झ यांच्या गटानं दाह शमवण्याऐवजी उलटी वाट धरली. त्यांनी उंदरांच्या तुटलेल्या रज्जूत चेतवलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी सोडल्या आणि काहींच्या पायांत हालचाल परतली. माणसांवरच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. 1999 मध्ये रक्तातून येणारे मॅक्रोफेज कमी केल्यावर उंदीर बरे चालले. 2019 मध्ये मायक्रोग्लिया काढून टाकल्यावर मात्र इजा पसरली. रज्जूत आधीपासून राहणाऱ्या पेशी जखमेभोवती बांध घालत होत्या, बाहेरून आलेल्यांपैकी काही तो फोडत होत्या. स्टेरॉइडचा अंमल या दोघींवरही चालतो.