पावकीपासून औटकीपर्यंत

महाराष्ट्रातील शालेय गणिताचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक बहुधा भास्कराचार्यांपासून आरंभ करतो, ‘लीलावती’ चे नाव आदराने घेतो, आणि मग मधली सहा-सात शतके एका वाक्यात ओलांडून इंग्रजी अमदानीतील क्रमिक पुस्तकांपाशी येऊन पोचतो. या मधल्या दीर्घ काळात गावोगावच्या ओसऱ्यांवर, देवळांच्या सभामंडपांत आणि धर्मशाळांच्या पडव्यांत पंतोजी मुलांकडून जे गणित घोकून घेत असत, त्याची गणना शास्त्रात होत नसल्यामुळे त्याची दखल घेण्याचे फारसे कोणास अगत्य वाटले नाही. वस्तुतः या प्रांताचा वसूल, व्याजबट्टा, बाजार आणि दफ्तर ही सारी ज्या गणितावर चालली, ते हेच. आणि त्याचा कणा अपूर्णांकांच्या पाढ्यांचा होता, असे माझे मत आहे.

पंतोजीच्या शाळेत मूल बसवीत ते बहुधा विजयादशमीच्या मुहूर्तावर. त्या दिवशी पाटीवर एक या आकड्याच्या रेघा जुळवून सरस्वती काढावयाची आणि तिची पूजा करावयाची, ही चाल आजही कित्येक घरांत टिकून आहे. ज्या देशात विद्येच्या देवतेची आकृतीच अंकांनी सिद्ध होते, तेथे गणिताला घाबरणारी मुले इतकी का निपजावीत, हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. शाळेचे सामान म्हणजे लाकडी धूळपाटी, तीवर पसरलेली बारीक धूळ आणि अक्षरे गिरविण्यास बोट किंवा काडी. ओनामा, मूळाक्षरे, बाराखड्या, शंभरापर्यंतचे अंक आणि तिसापर्यंतचे पाढे एवढे झाले म्हणजे मुलाचा खरा कस पाहणारा भाग येई. एका वडील मुलाने पुढे म्हणावे आणि बाकीच्यांनी एका सुरात मागून म्हणावे, अशी रीत होती. छापील पुस्तक कोठेच नसल्यामुळे जे जिभेवर चढले तेवढीच विद्या, आणि घरी दिवेलागणीस शुभंकरोतीपाठोपाठ परवचा म्हणून ती जिभेवर टिकवून धरावयाची. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ साली, मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या साहेबाने इलाख्यात लहानमोठ्या गावी शाळा नाही असे क्वचितच आढळते, अशा आशयाचा अभिप्राय नोंदविला होता. रा. वि. परुळेकरांनी १८२० ते १८३० या दशकातील सरकारी चौकशीचे कागद पुढे एकत्र प्रसिद्ध केले, त्यांवरून या शाळांचा अभ्यासक्रम कळतो तो इतकाच: वाचन, मोडी लेखन आणि हिशेब.

त्या हिशेबाची किल्ली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी या सात पाढ्यांत होती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि औट म्हणजे साडेतीन, यांची एकापासून पुढची पटी मुलाने न अडखळता म्हणावयाची. औट हे माप आज परके वाटेल; परंतु मनुष्याचा देह औट हातांचा, हे संतांनी घरोघर पोचविलेले वचन ज्यांच्या कानांवरून गेले आहे त्यांना ते वाटू नये. आजचा विद्यार्थी अपूर्णांकाला भेटतो तो पूर्णांकांच्या चारही क्रिया आटोपल्यावर, आणि भेटतो तोही अंश-छेदाच्या चिन्हांत. पंतोजीच्या शाळेत पाव आणि दीड यांना दोन आणि तीन यांच्याच पंक्तीला बसविले होते. पाऊण ही एक संख्या आहे, तिची सात पट सव्वापाच होते, यात त्या मुलाला नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

याचे कारण नाण्यांत आणि मापांत होते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. मणाचे शेर चाळीस, शेराचे छटाक सोळा. चाराने आणि सोळाने भागण्याची ही परंपरा फार जुनी आहे. ‘लीलावती’ च्या आरंभीच भास्कराचार्यांनी जी कोष्टके दिली आहेत त्यांत चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क सांगितला आहे. व्यवहार असा चतुर्थांशांत चालत असल्यामुळे लेखनाची चिन्हेही तशीच घडली. पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. म्हणून सव्वाचार लिहावयाचे ते ४।, दीड म्हणजे १॥, पावणेदोन म्हणजे १॥।. आण्यांसाठी आडव्या-तिरप्या रेघा असत, आणि चार आणे भरले की त्यांची एक उभी रेघ होई. रुपयाच्या हिशेबात जी चार आण्यांची खूण, तीच संख्येतील पावाची खूण.

या योजनेतील खुबी एका उदाहरणावाचून ध्यानात यावयाची नाही. ज्वारीचा भाव मणाला सात रुपये आहे आणि गिऱ्हाइकाला दहा शेर हवी आहे. दहा शेर म्हणजे पाव मण. कारकुनाच्या मुलाने पावकी आठवावयाची, सात पाव पावणेदोन, आणि वहीत १॥। मांडून मोकळे व्हावयाचे. एक रुपया बारा आणे हे उत्तर त्या चिन्हातच उभे आहे. रुपयांचे आणे करा, भागा, पुन्हा रुपये करा, हा खटाटोप नाही. गिऱ्हाइकाला अडीचच शेर पाहिजे असेल तर त्याहून सोपे: मणाचे जितके रुपये, अडीच शेरांचे तितके आणे, कारण चाळिसाचा सोळावा हिस्सा अडीच होतो. अडीचकीचा पाढा एरवी विचित्र वाटतो, त्याचे इंगित या एका आडाख्यात आहे. तीन आण्यांची ज्वारी मागणाऱ्याला त्याच भावाने किती शेर द्यावी, हा प्रश्न आला तर मात्र त्रैराशिकाला शरण जावे लागे; तेथे मुलांची त्रेधा उडे आणि पंतोजीची छडी हातात येई.

ही विद्या सर्वत्र एकसारखी होती असेही नव्हे. धान्य वजनापेक्षा मापाने मोजण्याची चाल अधिक. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, हे कोष्टक पुष्कळांच्या परिचयाचे असले, तरी मणाच्या पायल्या कोठे बारा धरीत तर कोठे सोळा. जमिनीचे माप आणखी निराळे: वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. कुळकर्ण्याच्या मुलाला हे सारे येणे प्राप्त होते, कारण गावचा जमाखर्च, वसूलबाकी आणि तेरीज त्यालाच पुढे मांडावयाची होती.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर हे वर्णन खोटे ठरेल. पंतोजीच्या ओसरीवर मुली नव्हत्या, अस्पृश्यांच्या मुलांना तेथे दार नव्हते, आणि कुणब्याचे पोर आले तरी नांगराच्या दिवसांत परत जात असे. पाढे येणाऱ्यांचा एक वर्ग आणि न येणाऱ्यांचा दुसरा, अशी गावाची विभागणी होती, आणि या दोहोंमध्ये सावकाराची वही होती. पेरणीला धान्य काढावे आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करावे, हा वाढीदिढीचा रिवाज सर्वांच्या परिचयाचा. चार मण दिढीने नेलेल्या कुळाने पहिल्या सुगीस फेड केली नाही तर सहा, दुसऱ्या सुगीस नऊ, तिसऱ्या सुगीस साडेतेरा. ज्याला दिडकी पाठ आहे त्याला हे क्षणात दिसते. ज्याला ती येत नाही त्याने आंगठा उठविलेला असतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि तो दंगा आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः खते, रोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. १८७९ च्या कायद्याने कुळांना काही संरक्षण दिले. पण दुखण्याचे मूळ ओळखले ते जोतीराव फुल्यांनी: १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात काय असावे हे सांगताना त्यांनी मोडी-बाळबोध वाचनलेखनाबरोबर हिशेबाचा स्पष्ट उल्लेख केला, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले.

दरम्यान इंग्रजी राज्याबरोबर दुसरे गणित आले होते. योगायोग असा, की जॉन टेलर याने केलेले ‘लीलावती’ चे इंग्रजी भाषांतर १८१६ साली मुंबईतच छापले गेले, पण त्याच वेळी अडीचकी घोकणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या कानी तो ग्रंथ कधी पडला नसेल. १८२२ साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने युरोपीय गणिताची पुस्तके मराठीत आणविली. त्यांतील व्यवहारी अपूर्णांक नवीन म्हणून शिकविले गेले. परंतु अंश वर आणि छेद खाली मांडण्याची रीत भास्कराचार्यांच्याही आधीपासून या देशात चालू होती, फक्त मधली रेघ नव्हती. आमचेच लेणे आम्ही परक्या पेटीतून घेतले. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानाने शालेय अंकगणित लिहिले, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे इंग्रजी अंकगणित तर हायस्कुलांत दीर्घकाळ चालले. इतके होऊनही पावकी-दिडकीला धक्का लागला नाही. रुपया सोळा आण्यांचा होता तोवर उजळणीच्या पुस्तकांत ते पाढे छापावेच लागत.

त्यांचा अंत झाला तो १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा. एका आण्याचे सव्वासहा पैसे येऊ लागले, म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस अशी कोष्टके दुकानांत टांगली गेली. आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, १९६२ पर्यंत, मण-शेरांची जागा क्विंटल-किलोने घेतली. मणाच्या रुपयांइतके अडीच शेरांचे आणे, हा आडाखा निरर्थक झाला. त्याच्या जागी आलेला आडाखा असा: क्विंटलचे जितके रुपये, किलोचे तितके पैसे.

या बदलाचे दुःख करणाऱ्यांत मी नाही. नव्या आडाख्यास पाढा लागत नाही. तो अडाणी बाईसही एकदा सांगितला की पुरतो, आणि सावकाराच्या वहीसमोर तिला उभे राहता येते, हा लाभ थोडा नव्हे. मात्र अपूर्णांकाची ओळख पूर्णांकाबरोबरच करून देण्याची जी शिस्त त्या पाढ्यांत होती, ती आण्यांसोबत टाकून देण्याचे कारण नव्हते. चौथी-पाचवीच्या मुलांची अपूर्णांकांपाशी जी गाळण उडते ती पाहता निदान पावकी, निमकी आणि दिडकी परत आणाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पाढे म्हणण्याची धाटणी कोकणात, देशावर आणि वऱ्हाडात सारखी नव्हती, आणि ती कागदावर फारशी उतरलेलीही नाही. ज्यांच्या घरी औटकी म्हणू शकणारी वृद्ध माणसे अजून आहेत, त्यांनी ती त्यांच्याच उच्चारांत, गावाच्या नावासह लिहून ठेवावी, आणि जुन्या उजळणीची फाटकी पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या वाचनालयात दाखवावीत.