भातुकलीतले घड्याळ

दिवाळीच्या सुटीत आमच्या ओसरीवर नातवंडांची भातुकली मांडली जाते. धाकटी नात बोळक्यात चार तांदूळ टाकते, चुलीवर ठेवते आणि लगेच जाहीर करते, "झाला भात! आता पाहुणे आले." भात शिजायला लागणारी अर्धी घटका तिच्या राज्यात नसतेच. एक घटना संपली की दुसरी. मधला रिकामा वेळ कोण खेळत बसतो? तिचे हे बोलणे ऐकले की मला माझी एक जुनी फजिती आठवते आणि तिच्यामागोमाग नॉर्वे देशातले दोन विद्वान.

आधी फजिती. एका धर्मादाय दवाखान्यात रोग्यांची फार गर्दी होई. आणखी एक खिडकी उघडण्यापुरता पैसा होता. पण ती केसपेपरची असावी की औषधांची, यावर विश्वस्तांचे एकमत होईना. मी ऐटीत म्हणालो, "संगणकावर दवाखान्याची भातुकली मांडतो आणि उद्या सकाळी सांगतो." शास्त्रात या भातुकलीला सिम्युलेशन म्हणतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये रोगी येत, बाकावर बसत, डॉक्टरांना भेटत, औषध घेऊन जात. सगळे यथासांग होते, फक्त घड्याळ मी सेकंदासेकंदाने पुढे सरकवत होतो आणि दर सेकंदाला बाकावरच्या प्रत्येकाला विचारत होतो, "तुमचा नंबर आला का हो?" उत्तर बहुधा एकच, "नाही." यंत्र रात्रभर राबले. सकाळी बैठक भरली तेव्हा हिशेब निम्म्यावरही आला नव्हता. विश्वस्तांनी अंदाजाने केसपेपरची खिडकी उघडली. रांग काही मोडली नाही. ती उठून औषधांच्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिली, इतकेच.

लाज वाटली म्हणून मी या विद्येचा इतिहास वाचू लागलो. तेव्हा कळले की माझी चूक शहाण्यांनी फार पूर्वीच ओळखली होती. इंग्लंडात पोलाद कारखान्यांच्या कामासाठी के. डी. टोचर यांनी १९५० नंतरच्या दशकात असे प्रोग्रॅम रचले आणि १९६३ साली या विषयावर पुस्तकही लिहिले. त्यांचे घड्याळ टिकटिक करत नसे. पुढची घटना ज्या क्षणी असेल तिथे ते थेट उडी घेई. थोडक्यात, माझ्या नातीचेच घड्याळ!

पण उडी मारून सगळा प्रश्न सुटत नाही. बाकावर थांबलेल्यांचे काय करायचे? इथे नॉर्वेतले ते दोघे येतात. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन न्युगोर आणि ओले-योहान डाल यांनी १९६२ च्या सुमारास 'सिम्युला' ही भाषा रचायला घेतली. दोघांचे वाद असे रंगत की, एकदा नव्याने आलेल्या एका कर्मचाऱ्याला फळ्यापुढे मारामारी चालली आहे असे वाटून तो घाबरून टेलिफोनवरच्या बाईंकडे धावला. बाईंनी क्षणभर कान दिला आणि त्याला धीर दिला, की काळजी नको, ते सिम्युलावर बोलताहेत!

त्यांची कल्पना अशी की प्रत्येक गिऱ्हाइकाची कहाणी सलग लिहावी: आले, थांबले, काम झाले, गेले. जो थांबेल त्याने स्वस्थ झोपावे, आणि त्याची पाळी येताच जिथे झोपला तिथूनच पुढे चालू लागावे. तोवर यंत्राने दुसऱ्याचे काम करावे. आजचे प्रोग्रॅमर ज्याला असिंक्रोनस म्हणतात, त्याच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

अडचण आली ती जागेची. त्यांचा पाया असलेली अल्गोल भाषा आपल्या स्मरणातली कामे उतरंडीसारखी रचत असे. वरचे मडके काढल्याशिवाय खालचे निघत नाही. पण रांगेतली माणसे काही शेवटी आला तो आधी गेला अशा क्रमाने जात नाहीत. १९६३ साली डाल यांनी ही उतरंडच बाजूला सारली आणि थांबलेल्या प्रत्येक कामाला स्वतःची वेगळी जागा देणारी योजना आखली. आज जावास्क्रिप्ट किंवा पायथन भाषेतले काम मध्येच थांबते, तेव्हा तेही आपले सामान अशाच वेगळ्या जागी ठेवून झोपते.

सोय झाली, पण तिला किंमत होती. केंब्रिजला डेन्मार्कचा एक विद्यार्थी, ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप, सिम्युलावर बेहद्द खूश होता. पण त्याचा मोठा प्रोग्रॅम इतका मंद चालला, की तो सगळा त्याला साध्या बीसीपीएल भाषेत पुन्हा लिहावा लागला. त्या मनस्तापातूनच त्याने १९७९ पासून सी भाषेला सिम्युलाचे गुण द्यायला आरंभ केला, आणि पुढे सी प्लस प्लस जन्मली.

राहिला प्रश्न पुढची घटना शोधण्याचा. घटना हजारोंनी असल्या आणि एकाच लांब यादीत क्रमाने मांडल्या, तर नव्या घटनेची जागा शोधण्यातच यंत्र थकते. १९८८ साली रँडी ब्राउन यांनी सुचवले, की भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी पाने करा. ज्या दिवसाचे काम त्या दिवसाच्या पानावर टाका. पुढच्या वर्षाचे असले तरी त्याच पानावर टाका, वर्ष पाहून तूर्त वगळा. गर्दी वाढली की पाने वाढवा. आपल्या घरी गॅसचा नंबर आणि दुधाचा हिशेब गृहिणी ठेवते, तीच ही रीत.

हे सारे वाचून मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. बाकावरच्यांना झोपू दिले. खिडकी मोकळी झाली की फक्त पहिल्याला उठवले. यंत्र तेच, जुनेच होते. पण उत्तर चहा निवायच्या आत आले: खिडकी औषधांची हवी! विश्वस्तांनी ते ऐकले आणि खिडकी बदलली. मात्र मधे वर्ष गेले होते. माझी एक रात्र वाया गेली त्याचे मला काही वाटत नाही. पण त्या वर्षभर औषधासाठी तिष्ठत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय मला अजून आठवतात.

डाल आणि न्युगोर दोघेही २००२ च्या उन्हाळ्यात, दीड महिन्याच्या अंतराने वारले. माणसांची रांग कमी व्हावी म्हणून त्यांनी यंत्राला थांबायचे कसे हे शिकवले. वेग काही नुसता धावण्याने वाढत नाही. थांबलेल्याला उगाच उठवले नाही, तरी पुष्कळ वाढतो.

ओसरीवरून हाक आली आहे, "आजोबा, संध्याकाळ झाली, जेवायला या!" माझ्या घड्याळात सकाळचे दहा वाजले आहेत. पण तिचे घड्याळ अधिक शहाणे आहे. मी निघतो.